पहिली मॅच देवाला

मुंबई इंडियन्सने हंगामातला पहिला सामना जिंकला होता तो २०१२ साली, चेन्नईत, चेन्नईलाच हरवून. त्यानंतर २०१३ ते २०२५ असे तेरा हंगाम झाले आणि तेराही वेळा सुरुवात पराभवाने झाली. यावर आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये एकच बोल आहे, ‘पहिली मॅच देवाला’. हा बोल काही आमचा नव्हे, चर्चगेटपासून विरारपर्यंत सगळेच तो बोलतात. पण आम्ही बोलतो तेव्हा मांडीवर गवत असतं, हातात आंबा असतो आणि हंगामातला पहिला आंबा आम्ही खरोखरच देवाला ठेवतो. ग्रामदेवतेला दोन, घरच्या देव्हाऱ्यात एक, मग पोरांना अर्धा अर्धा. बाकी माल वाशीच्या बाजाराला.

आमचं नाटे हे राजापूर तालुक्यातलं गाव, जैतापूरच्या खाडीच्या तोंडाशी. खाली साखरीनाट्याचं मच्छीमारी बंदर, खाडीवर नजर ठेवून असलेला यशवंतगड, पलीकडे जैतापूर आणि त्याच्यापुढे माडबनचा सडा. गावाच्या वरच्या अंगाला काळा कातळ आणि त्या कातळावर हापूसची कलमं. आमची घरची कलमं वडिलांच्या हातची आहेत. सुरुंग लावून खड्डे मारायचे, खालून माती वाहून आणून ते भरायचे आणि मग कलम लावायचं, अशा दिवसांतली. त्याशिवाय मुंबईत स्थायिक झालेल्या मालकांच्या काही बागा मी खंडाने घेतो. खंड म्हणजे हंगामाआधी मालकाला ठरलेली रक्कम द्यायची. मग झाडावर येईल ते आपलं आणि नाही आलं तर तेही आपलंच. फवारणी, राखण, काढणी, पेटी, वाहतूक सगळं माझ्या अंगावर. लोकांना वाटतं माझा धंदा आंबे विकायचा. खरं तर मी अंदाज विकत घेतो. झाडावर मोहोरसुद्धा नसतो तेव्हा मला सांगावं लागतं की या बागेत मे अखेरपर्यंत किती पेट्या निघतील आणि त्या आकड्यावर पैसे मोजावे लागतात.

असा माणूस मुंबई इंडियन्सचा चाहता असला की त्याची पंचाईत होते. मार्चच्या शेवटी, जेव्हा आयपीएल सुरू होते, तेव्हाच आमच्या काढणीला जोर चढतो. दोन्हीकडे लोक एकच प्रश्न विचारतात, ‘यंदा काय वाटतंय?’

आंब्याचं आधी सांगतो, कारण ते मला जास्त कळतं. पाऊस गेला, थंडी पडली की नोव्हेंबर-डिसेंबरात पहिला मोहोर फुटतो. दिसायला तो देखणाच आणि मुंबईच्या मालकाला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायला तर एक नंबर. पण एका तुऱ्यावर फुलं हजाराच्या घरात असली तरी हापूसमध्ये त्यातली बहुतेक नरफुलं. फळ धरू शकतील अशी थोडी. त्यातून तुडतुडा, फुलकिडे, भुरी यांनी सोडलेली आणखी थोडी. एका तुऱ्याला शेवटी एखादं फळ टिकलं तरी बागायतदार हात जोडतो. त्या फळाचेही टप्पे आहेत. आधी कणी, मग वाटाणा, मग गोटी, सुपारी, मग अंडं. वाटाण्यापर्यंत आलेलं फळ सुपारीपर्यंत जाईलच याची खात्री कुणी देत नाही. कधी थंडी लांबते आणि ज्या फांदीवर वाटाण्याएवढी फळं धरलेली असतात तिथेच पुन्हा मोहोर येतो. याला पुनर्मोहोर म्हणतात. झाड नव्या तुऱ्यांना पोसू लागतं आणि आधीची फळं खाली सडा घालतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला बाग दुप्पट बहरलेली दिसते आणि खंड भरलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यावर जिब्रेलिक अॅसिडची फवारणी सांगितली आहे, ती आम्ही करतोही. पण फवारणीचा उपयोग ती मोहोर येण्याआधी अंदाज बांधून वेळेवर केली तरच. म्हणजे पुन्हा अंदाजच.

पहिल्या मोहोराचा आंबा फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चच्या सुरुवातीला हाताशी येतो. त्याची पेटी वाशीत पोचते, तिला हार घालतात, पेपरात फोटो येतो, खाली भाव छापतात. तो भाव वाचून आमच्या ओळखीतले निम्मे लोक मला श्रीमंत समजायला लागतात. पहिल्या पेटीला भाव असतो कारण बाजारात दुसरी पेटी नसते. एप्रिलच्या मध्यानंतर रत्नागिरी, देवगड, रायगड सगळीकडचा माल एकदम उतरतो, शिवाय कर्नाटकचा आंबा शेजारी येऊन बसतो, आणि मग दलालाची पट्टी हातात येते तेव्हा खरं काय ते कळतं. मुहूर्ताच्या पेटीवरून सालाचा हिशोब मांडून गाडी बुक केलेले लोक मी पाहिलेत. मुहूर्ताला माल कमी म्हणून निराश होऊन आंबा झाडावरच कॅनिंगवाल्याला देऊन टाकणारेही पाहिलेत. दोघांनी बघितलं एकच, पहिली पेटी.

आता क्रिकेट. शेडमध्ये आम्ही सातआठ जण असतो. वयाने मोठे आबा. ते काट्याशिवाय, नुसतं हातात घेऊन फळाचं वजन सांगतात आणि चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी अशी प्रत लावतात. आमच्या वहिनी आणि त्यांच्या दोघी मैत्रिणी पेटी भरतात. माझा भाचा आंबे उतरवायचा झेला घेऊन कलमावर चढतो आणि खाली आला की मोबाईलमध्ये डोकं घालतो. राखणीला नेपाळचा एक तरुण आहे, तो चेन्नईवाला, कारण धोनी. साखरीनाट्याहून एक मित्र येतो. त्याची बोट आहे. मी त्याला भाई म्हणतो, तो मला शेठ म्हणतो आणि दोघांनाही माहीत असतं की यात थट्टा आहे. संध्याकाळी मोबाईल रिकाम्या खोक्याला टेकवून उभा केला जातो आणि पेट्या भरता भरता मॅच चालते. आबांना पडदा दिसत नाही. ते ऐकतात.

आबांचा एक सिद्धांत आहे आणि तो त्यांनी २०१९ मध्येच मांडला होता. मुंबईने विजेतेपदं मिळवली ती २०१३, २०१५, २०१७, २०१९ या वर्षी. एक वर्ष पीक, एक वर्ष विश्रांती. हापूसचं कलम अगदी असंच वागतं: एका वर्षी लगडतं, दुसऱ्या वर्षी नुसती पालवी काढून उभं राहतं. आबा म्हणाले, ‘ही टीम हापूस आहे.’ मग २०२० मध्ये, कोविडमुळे अमिरातीत खेळवलेल्या हंगामात, मुंबई लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकली. भाचा नाचला. आबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, ‘कल्टार दिलंय.’

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं की कल्टार हे पॅक्लोब्युट्राझोल या औषधाचं बाजारातलं नाव. जुलै-ऑगस्टात झाडाच्या मुळाशी ते देतात. पालवीचा जोर आवरतो, मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. खतपाणी सांभाळून, मापात दिलं तर उत्तम. नुसतंच ओतत राहिलं तर झाड दोनचार वर्षं भरभरून देतं आणि मग दमतं. २०२० नंतरचा मुंबईचा हिशोब बघा: २०२१ मध्ये पाचवे, २०२२ मध्ये दहापैकी दहावे, २०२३ मध्ये चौथे, २०२४ मध्ये पुन्हा दहावे. आबांना यात आश्चर्य काहीच वाटलं नाही.

मला त्यांचा सिद्धांत आवडतो, पटत मात्र नाही. २०२० चा संघ दमला नव्हता, तो मोडला. २०२२ च्या मोठ्या लिलावाआधी चारच खेळाडू राखता येत होते. रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड राहिले. हार्दिक आणि कृणाल पंड्या, बोल्ट, डी कॉक गेले. ईशान किशनसाठी सव्वापंधरा कोटी मोजले आणि आठ कोटींना जोफ्रा आर्चर घेतला, जो त्या वर्षी दुखापतीमुळे खेळणारच नव्हता, हे घेतानाच ठाऊक होतं. पुढच्या वर्षाच्या पिकासाठी यंदाच्या पैशात खत घातलं. पहिले आठच्या आठ सामने हरले. पहिला विजय मिळाला तो ३० एप्रिलला, रोहितच्या वाढदिवशी. तोपर्यंत आमचा निम्मा आंबा उतरून झाला होता.

चाहत्यांचा दुसरा आवडता समज, ‘आपली टीम उशिराच पेटते’. याला पुरावा भरपूर आहे, म्हणूनच तो धोक्याचा आहे. २०१५ मध्ये पहिले चार सामने हरले, पहिल्या सहांत एकच जिंकले आणि मे महिन्यात ईडन गार्डन्सवर चेन्नईला ४१ धावांनी हरवून विजेते झाले. त्याच्या आदल्या वर्षी तर अमिरातीतले पाचही सामने घालवून भारतात परतले आणि २५ मेला वानखेडेवर प्ले-ऑफ गाठायला राजस्थानविरुद्ध १९० धावा १४.३ षटकांत करायच्या अशी वेळ आणली. कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ केल्या. १४.३ षटकांत धावसंख्या बरोबरीत आली आणि पुढच्याच चेंडूवर चौकार हवा होता. समोर आपला आदित्य तरे. त्याने षटकार मारला आणि तिकडे राजस्थानच्या डगआउटमध्ये राहुल द्रविडने टोपी आपटली. द्रविडला टोपी आपटताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. तो षटकार शेडमध्ये अजून दरवर्षी एकदा तरी मोबाईलवर लावला जातो, शक्यतो मुंबई हरत असताना.

पण या गोष्टी सांगणारे २०१८ सांगत नाहीत. तेव्हा पहिले तीन हरले, तिन्ही अगदी शेवटच्या षटकात, आणि पाचवे आले. २०२४ सांगत नाहीत, तेव्हाही पहिले तीन हरले. २०२२ तर कुणीच काढत नाही. पहिले तीन किंवा अधिक सामने सलग घालवल्यावर चषक आला तो फक्त एकदा, २०१५ साली. बाकी चार विजेतेपदांच्या वर्षांत, म्हणजे २०१३, २०१७, २०१९ आणि २०२० मध्ये, पहिला सामना गेला आणि दुसरा लगेच जिंकला. म्हणून मी पहिल्या सामन्याला फारसं मोजत नाही, दुसऱ्याला मोजतो. दुसरा जिंकला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. २०१६ आणि २०२१ मध्ये दुसरा जिंकूनही पाचवेच राहिले. जानेवारीच्या दुसऱ्या मोहोराचं हेच आहे. तो आला नाही तर हंगाम बुडाला हे जवळजवळ नक्की. तो आला तर एवढंच की अजून बोलायला जागा आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे आणि ती मी बागेत शिकलो. जानेवारीच्या शेवटी एखादी बाग रिकामी दिसली तर मी तुरे हातात घेऊन बघतो. मोहोर येऊन करपला असेल, फुलकिड्यांनी खाल्ला असेल, तर ते गेलं. त्या फांदीवर यंदा काही नाही. पण फांदीची काडी पक्की झालेली असेल आणि डोळा फुगलेला असेल, तर मोहोर उशिरा आहे, गेलेला नाही. दोन्ही बागा लांबून सारख्याच रिकाम्या दिसतात. एकीचा खंड मी सोडून देतो, दुसरीचा वाढवून घेतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये शेडमध्ये जी भांडणं झाली ती सगळी याच मुद्द्यावर. २३ मार्चला चेन्नईत हरले. हार्दिकवर आदल्या हंगामातल्या षटकांच्या गतीमुळे एका सामन्याची बंदी होती, सूर्यकुमार कर्णधार होता. नेपाळी पोराने त्या रात्री राखणीवर जाताना उगीचच शिट्टी वाजवली. मग अहमदाबादला गुजरातकडून हरले. वानखेडेवर कोलकात्याला सहज हरवलं, अश्वनी कुमार नावाच्या नव्या पोराने पदार्पणात चार बळी घेतले. मग लखनऊत १२ धावांनी हरले, मग बंगळुरूकडून वानखेडेवर पुन्हा १२ धावांनी हरले. पाच सामने, एक विजय.

लखनऊच्या सामन्यात तिलक वर्माला सात चेंडू शिल्लक असताना ‘निवृत्त’ करून परत बोलावलं, कारण त्याचा फटका बसत नव्हता. वहिनींना ते अजिबात आवडलं नाही. ‘पोराला असं सगळ्यांदेखत अर्ध्यातनं बोलावतात काय?’ असं म्हणून त्यांनी पेटीचं झाकण जरा जोरातच ठोकलं. भाईचं मत उलटं. जाळ्यात मासा येत नाही म्हटल्यावर जाळं ओढून जागा बदलायची, त्यात जाळ्याचा अपमान कसला? मला वाटतं वहिनींचं बरोबर होतं. तिलकच्या जागी आलेल्या सँटनरनेही सामना काही जिंकून दिला नाही, आणि पुढचे दोन महिने खेळवायचं आहे अशा फलंदाजाला सांगून टाकलं की तुझ्यावर भरवसा नाही.

भाचा मात्र खुश होता. ‘मामा, २०१५ ला पण पाचात एकच होता!’ त्याने आकडा दाखवला. आकडा खरा होता. मी त्याला म्हटलं, आकडा ठेव, फांदी बघ. २०१५ मध्ये पहिल्या काही सामन्यांत नसलेलं नंतर काय आलं? फिंच जायबंदी झाला आणि लेंडल सिमन्स सलामीला आला, त्याने त्या हंगामात ५४० धावा केल्या. मिचेल मॅकलेनाघन आला आणि नव्या चेंडूला धार आली. संघ त्याच नावाचा, पण मे महिन्यात खेळला तो वेगळा. यंदा काय यायचं राहिलंय? बुमराह. जानेवारीत सिडनीच्या कसोटीत पाठ धरल्यापासून तो बाहेर होता, पहिले चार सामने खेळला नाही. ७ एप्रिलला बंगळुरूविरुद्ध परतला. तोही सामना १२ धावांनी हरले, पण त्याआधीचा लखनऊचा पराभवही १२ धावांचाच होता. तिथे हातात बुमराहची चार षटकं असती तर त्या १२ धावा कुठे गेल्या असत्या हे कळायला गणित लागत नाही. रोहितच्या बॅटमधून धावा नव्हत्या. पण त्याचा फॉर्म करपला होता की उशिरा होता, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं. सूर्यकुमार मात्र प्रत्येक डावात पंचवीसच्या पुढे जात होता आणि ती गोष्ट पराभवांमुळे कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हती.

याच हिशोबाला २०२४ ने चाट दिली होती, हेही सांगतो. तेव्हा सूर्यकुमार पहिले तीन सामने दुखापतीमुळे नव्हता. तो परतला, धावा केल्या, बुमराह पहिल्यापासून होता, आणि तरी टीम तळाला गेली. रोहितला काढून हार्दिकला कर्णधार केलं होतं आणि वानखेडेवरच लोक हार्दिकची हुर्यो उडवत होते. आपल्याच मैदानावर आपल्याच कर्णधाराला. फांदी पक्की होती, मुळाला कीड होती. २०२५ मध्ये ती हुर्यो थांबली होती. मधल्या काळात भारताने टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला आणि अंतिम सामन्यात शेवटचं षटक हार्दिकने टाकलं, त्याने बरंच धुऊन निघालं.

सूर्यकुमारचं नाव निघालं म्हणून एक आडवाट. तो चेंबूरच्या अणुशक्तीनगरात वाढला, वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात अभियंता. आमच्या पट्ट्यात अणू हा शब्द काढला की माणसं सावध होतात. पलीकडच्या माडबनला अणुप्रकल्प यायचा म्हणून इथे मोर्चे निघाले, जमिनी गेल्या. १८ एप्रिल २०११ ला साखरीनाट्यात पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक जीव गेला. त्याच्या सोळा दिवस आधी वानखेडेवर धोनीने षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला होता आणि गावात फटाके वाजले होते. त्या एप्रिलमध्ये आयपीएल चालू होती. मुंबई चांगली खेळत होती, पहिला सामनाही जिंकली होती. शेडमध्ये टीव्ही बंद होता. भाई कितीतरी दिवस वर आला नाही. आता त्याच भाईच्या मुलाच्या पाठीवर सूर्यकुमारचं नाव आहे. प्रकल्पाबद्दल ज्याचं जे मत होतं ते अजून आहे, पण अणुशक्तीनगरच्या या माणसाने यॉर्करला फाईन लेगवरून उचललं की त्यावर कुणाची हरकत नसते.

१३ एप्रिलला दिल्लीत सहावा सामना. करुण नायर, जो रणजीत विदर्भाकडून धावांचे ढीग घालून आला होता, त्याने ४० चेंडूंत ८९ मारल्या आणि २०५ सुद्धा पुरत नाहीत असं दिसू लागलं. मग एकोणिसाव्या षटकात लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन फलंदाज धावबाद. १२ धावांनीच विजय. आबा म्हणाले, ‘बारा परत मिळाले.’ तिथून सलग सहा जिंकले. रोहितने चेन्नईविरुद्ध नाबाद ७६ आणि हैदराबादविरुद्ध ७० केल्या. म्हणजे उशिरा होता, गेला नव्हता.

आमच्या बागांत याच वेळी उलटं चाललं होतं. त्या वर्षी मोहोर उशिरा आणि तुकड्यातुकड्याने आला होता, त्यामुळे बराच आंबा मे महिन्यावर ढकलला गेला. मला त्याची फिकीर नव्हती. मे महिना कोकणचाच असतो. चाकरमानी येतात, पेट्या घेऊन जातात, राहिलेला माल कॅनिंगला. सहा मेच्या रात्री वानखेडेवर पाऊस आला, गुजरातने शेवटच्या चेंडूवर सामना घेतला आणि मला त्या पावसाचा सामन्यापेक्षा जास्त राग आला, कारण ढग आमच्याकडेही होते. त्यानंतर सीमेवर लढाई पेटली, ९ मेला आयपीएल थांबवली, १७ मेला पुन्हा सुरू केली. क्रिकेटला आठवड्याची सुट्टी देता येते. तयार आंब्याला देता येत नाही. चौदा आणे भरलेलं फळ दोनतीन दिवसांत उतरवावंच लागतं, नाहीतर झाडावरच पिकून पडतं आणि वाशीत त्याला कुणी विचारत नाही.

मग २० मेच्या आसपास कोकणात धो धो पाऊस. वळीव म्हणून सोडून द्यावं असा नव्हे, आषाढातला वाटावा असा. मान्सून त्या वर्षी मुंबईत २६ मेलाच पोचला, इतका लवकर की जुन्या नोंदींत तसा सापडत नाही. ओला आंबा उतरवायचा नसतो. देठाशी पाणी राहिलं की अढीत काळे डाग पडतात आणि एका फळाबरोबर थर जातो. कलमावर चढायचं तर खोड शेवाळाने निसरडं. भाच्याला मी चढू दिलं नाही. खाली पडलेला आंबा कॅनिंगवाले घेईनात. २१ मेला मुंबईचा दिल्लीशी सामना होता, जिंकलं तर प्ले-ऑफ. वानखेडेवर पाऊस होणार अशी सगळीकडे धास्ती, दिल्लीवाल्यांना तर सामना दुसरीकडे हलवायला हवा होता. तिथे रात्री थेंब पडला नाही. सूर्यकुमारने नाबाद ७३ केल्या, बुमराहने बारा धावांत तीन बळी घेतले. आमच्या शेडच्या पत्र्यावर इतका पाऊस वाजत होता की आबांना एक शब्द ऐकू आला नाही. प्रत्येक बळीला भाचा त्यांच्या कानाशी जाऊन ओरडत होता.

टीमचा अंदाज खरा ठरत होता आणि बागेचा कोसळत होता. एप्रिलमध्ये मला विचारलं असतंत तर मी बागेवर जास्त पैसे लावले असते.

१ जूनला अहमदाबादला पंजाबशी प्ले-ऑफमधला सामना. पावसाने तोही दोन तासांहून जास्त उशिरा सुरू झाला. मुंबईच्या २०३ धावा. आधी फलंदाजी करून दोनशेच्या वर केल्यावर मुंबई आयपीएलमध्ये तोवर कधीच हरली नव्हती. श्रेयस अय्यरने ४१ चेंडूंत नाबाद ८७ केल्या आणि एक षटक राखून संपवलं. मध्यरात्र उलटून गेली होती. आबा अंथरुणावरून म्हणाले, ‘कोण, श्रेयस? तो आपलाच ना, मुंबईचा? सहा महिन्यांपूर्वी मुश्ताक अली ट्रॉफी जिंकून दिली ती यानेच ना? मग मुंबईच जिंकली म्हणा.’ आणि कूस बदलून झोपले. मला त्या दिलाशाचा काही उपयोग झाला नाही, पण त्यात खोट काढता आली नाही. वरळीच्या श्रेयसने बोरिवलीच्या रोहितला आणि चेंबूरच्या सूर्यकुमारला घरी पाठवलं होतं.

आता ऑगस्ट आहे. पावसाळी मासेमारीबंदी उठून साखरीनाट्याच्या बोटी बाहेर पडल्या. भाई दिसत नाही, दिसला तर बांगड्याची पिशवी टेकवून लगेच जातो. कातळावर गवत गुडघाभर वाढलंय आणि घरच्या काही कलमांना यंदा कल्टार द्यायचं नाही असं मी ठरवलंय. त्यांनी सलग बरीच वर्षं दिलंय. गणपतीला गावी यायच्या आधी बोरिवलीच्या एका मालकांचा फोन आला, त्यांची बाग माझ्याकडे खंडाने आहे. ते म्हणाले, ‘यंदा पाऊस लवकर आला, झाडांना पाणी भरपूर मिळालं, पीक जोरदार येणार. खंड थोडा वाढवू या.’ मी त्यांना समजावलं की हापूसला पावसाळा लांबलेला चालत नाही. ऑक्टोबरपर्यंत पाणी राहिलं तर झाड मोहोर सोडून पालवी काढतं, आणि पालवी पक्की व्हायला पुन्हा वेळ जातो. अर्धी रक्कम आत्ता, उरलेली दुसरा मोहोर बघून, असं ठरलं. ते जरा नाराजीनेच हो म्हणाले. मग आवाज बदलून त्यांनी विचारलं, ‘आणि मुंबईचं काय वाटतं पुढच्या वर्षी?’

मी म्हटलं, एवढ्यात काही सांगत नाही. मागे एकदा बोलता बोलता त्यांनी सांगितलं होतं की वानखेडेवर कामाला असलेला एक जण त्यांच्या ओळखीचा आहे. त्याच्याकडे जरा बुमराहच्या पाठीची चौकशी करून ठेवा, म्हटलं. गणपतीला याल तेव्हा बोलू.